काकाचं बोलणं फक्त तुला कळायचं

पत्र आहे शिवाजी पेठेतल्या एका विद्यार्थिनीचं. बारावी सायन्स, गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवलेत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या तिच्या काकाला डाउन सिंड्रोम होता. गेल्या श्रावणात त्रेचाळिसाव्या वर्षी न्यूमोनियानं तो गेला. त्याच्या आठवणीसाठी तिला ‘स्पेशल मुलांसाठी काहीतरी’ करायचंय. वडील म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे, तुझ्या त्या ‘स्पेशल’ लाइनला पगार नाही. तिचा प्रश्न : ‘मी भावनेच्या भरात ठरवतोय का?’

‘ठरवतोय’ वाचलं आणि पत्र कोल्हापूरच्या पोरीचं आहे याची खात्री पटली. पुढं पुण्या-मुंबईला शिकायला गेलीस की मैत्रिणी हसतील. हसू देत.

प्रश्न एका ओळीचा आणि पत्र चार पानांचं. त्यातली सव्वातीन पानं काकाची. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. गंगावेशीत दूध कट्ट्यावर किटली पुढं करून तो ‘अद्दा’ म्हणायचा, मग ‘अर्धा लिटर द्या’ हे तू सांगायचीस. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुणची फुटबॉल मॅच असली की तो उभा राहून ओरडायचा, शेजारचे तुला विचारायचे, काय म्हणतोय? आणि तो शेवटचा आठवडा. तू क्लासला होतीस, दवाखान्यात तो सिस्टरला तासभर काहीतरी सांगत होता. कुणालाच कळेना. तू पोहोचलीस तेव्हा कळलं : पाय उघडे पडले होते, त्याला चादर हवी होती.

त्याला शिकवल्याची, अंघोळ घातल्याची, व्यायाम करून घेतल्याची एकही आठवण तू लिहिली नाहीस. सगळ्या बोलण्याच्या आहेत. ‘काहीतरी करायचंय’ म्हणतेस, पण ते काय, हे तूच लिहून बसलीयस.

अडलेल्या बोलण्याला वाट करून द्यायच्या या कामाला स्पीच थेरपी म्हणतात आणि त्याची पदवी बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरचा कोर्स. चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावी सायन्स लागतं, ते तुझं आहेच. राज्याच्या कोट्यातून प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, म्हणून सीईटीबरोबर नीटचाही फॉर्म भर. बायोलॉजी सोडायचा विचार असेल तर सोडू नकोस. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, त्यांचं माहितीपत्रक या आठवड्यातच बघ. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. कोर्स कुठलाही निवडलास तरी परिषदेची मान्यता आहे का हे आधी तपास. ‘सहा महिन्यांत थेरपिस्ट व्हा’वाल्या जाहिराती मी रोज बघतो.

विशेष शिक्षणाचा रस्ताही आहे : बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, किंवा पदवी घेऊन स्पेशल बी.एड. वाईट नाही. पण तुझं पत्र तिकडं बोट दाखवत नाही.

आता थोडं टोचेल असं. काकाच्या बोलण्याचा अर्थ तू लोकांना सांगायचीस, म्हणून त्याला नीट बोलायची गरजच पडली नाही. तू नसलीस की तो मुका. यात तुझा दोष नाही. तुझ्या जन्माआधीच सगळ्या घरानं ती सवय लावली होती. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, तोंडातली जागा जिभेला अपुरी पडते, कानात पाणी साठून ऐकू कमी येतं. पण समजतं मात्र बोलता येतं त्याहून बरंच जास्त. लहानपणी थेरपी मिळाली, चित्रांचे तक्ते, हाताच्या खुणा शिकवल्या, तर चादर मागता येते. तुझा काका १९८२ चा. अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ मध्ये आला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. थेरपिस्टचं काम तुझ्या कामाच्या बरोबर उलटं : आपण नसताना त्या माणसाचं चाललं पाहिजे. हे तुला आवडेल का, एवढंच बघायचं राहिलंय.

ते घरी बसून कळणार नाही. परीक्षा झाली की शेंडा पार्कातल्या ‘चेतना’सारख्या स्पेशल मुलांच्या शाळेत परवानगी घेऊन दोन महिने आठवड्यातून दोन दिवस जा. तिथली मुलं तुझा काका नसतील. एखादं चावेल, एखादं तुझ्याकडं ढुंकून बघणार नाही. भावाच्या आठवणीत या क्षेत्रात आलेली माझी एक विद्यार्थिनी तिसऱ्या आठवड्यात परत आली. प्रत्येक मुलात ती भाऊ शोधत होती. आज ती बँकेत आहे, मजेत आहे.

एक वाक्य तू शेवटी, कागदाच्या कडेला लिहिलंयस. शेवटच्या वर्षी काका दुधाच्या पैशांच्या हिशेबात चुकायला लागला, गंगावेशीतून घरची वाट विसरला, आणि एकदा तू त्याच्यावर भर रस्त्यात ओरडलीस. मी डॉक्टर नाही. पण डाउन सिंड्रोम असलेल्या लोकांत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि अल्झायमरशी संबंधित एक जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. म्हणून चाळिशीनंतर त्यांच्यात विसरण्याचा आजार लवकर आणि पुष्कळदा दिसतो. काकाला तो होता की नाही, हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचार. मुद्दाम करत नव्हता, एवढं नक्की धर. त्या ओरडण्याची भरपाई म्हणून मात्र चार वर्षांची पदवी घेऊ नकोस.

राहिले बाबा. पगाराचं ते खोटं बोलत नाहीत : छोट्या संस्थांत सुरुवातीला कमीच मिळतो, दवाखाना किंवा स्वतःचं क्लिनिक असेल तर बरं चालतं. दिव्यांगांचं काम म्हटलं की कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांचं नाव निघतं. १९८४ मध्ये त्यांनी संस्था उभी केली, तीही सरकारी नोकरी सांभाळून. ते समाजकार्य, तू निवडतेयस तो पेशा आहे, फी घेऊन करायचा. बाबांना हा फरक सांग.

पण तुझे बाबा त्या काकाचे सख्खे थोरले भाऊ आहेत, हे तू पहिल्याच पानावर लिहून पुढं विसरलीस. चाळीस वर्षं त्यांनी हे काम घरात केलंय, बिनपगारी. ते ‘नको’ म्हणतात तेव्हा पगाराविषयीच बोलतात का, याची मला शंका आहे. मुलीनं तेच सगळं पुन्हा उचलावं, हे त्यांना बघवत नसेल. भाऊ गेल्यावर त्यांना कुणी काही विचारलंय का घरात?

वाद घालण्याआधी एका संध्याकाळी किटली घेऊन दोघंच गंगावेशीत जा. कोर्सचं बोलू नकोस. काका लहानपणी कसा होता, पहिला शब्द कुठला बोलला, ते विचार. मग दोघंही माझ्याकडं या. बुधवार सोडून कधीही. बुधवारी मी इचलकरंजीला असतो.