चारी मुंड्या चीत : मुंड्या कोणाच्या आणि चार कशा?

पलूस तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, गुणांवर जिंकलेल्या कुस्तीला ‘चीतपट’ म्हणता येते का, आणि माणसाला मुंडी एकच असताना ‘चारी मुंड्या चीत’ असे आपण का म्हणतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ लागल्यावाचून कुस्ती चीतपट होत नाही. साताऱ्यात २०२२ साली झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्यावर ५-४ अशी मात केली. तो विजय निर्विवाद होता, पण ती कुस्ती चीतपट नव्हती. फ्रीस्टाइल प्रकारात १० गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच थांबवतात. त्या विजयालाही ‘तांत्रिक श्रेष्ठता’ असे वेगळे नाव आहे, कारण पाठ तिथेही लागलेली नसते. असे असताना एका धावेने जिंकलेला क्रिकेटचा सामना आणि फेरमतमोजणीत हाती आलेली ग्रामपंचायत यांनाही ‘चीतपट’ म्हटले जाते, तेव्हा ज्या सांगली-साताऱ्यात गावोगावच्या जत्रेत कुस्तीचे मैदान भरते तिथले लोक हे मुकाट ऐकून घेतात, याचे मला वाईट वाटते. मैदानात ‘निकाली’, ‘बरोबरीत सोडवली’, ‘गुणांवर’ असे तीन स्पष्ट शब्द हाताशी असतात. ते वापरावेत.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा आहे. ‘मुंडी’ म्हणजे डोके, हे कोणाला सांगायला नको. त्या अर्थाला धरून बसणारे अभ्यासक मग चार डोक्यांचा हिशेब जुळवण्यासाठी दोन हात, दोन पाय अशी ‘टोके’ मोजतात, किंवा ‘चार’ हा केवळ जोर दाखवणारा शब्द आहे असे म्हणून मोकळे होतात. मला ही दोन्ही स्पष्टीकरणे आळसाची वाटतात. हातापायांची टोके मातीला टेकली म्हणून कुस्ती कधीच संपत नाही, आणि पंचाच्या निर्णयाशी जोडलेल्या शब्दप्रयोगात संख्या उगाच आलेली नसते.

हा शब्द ‘मुंडी’ नसून ‘मुंढा’ आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही, कारण कोणत्याही शिंप्याच्या दुकानात तो रोज उच्चारला जातो. ब्लाउजचे माप घेताना छाती, कंबर, बाही यांच्याबरोबर ‘मुंढा’ मोजतात, आणि कपडा काखेत आवळला की ‘मुंढ्यात घट्ट होतो’ असे आपण म्हणतो. बाही जिथे अंगाला जोडली जाते तो भाग, म्हणजेच खांद्याचा सांधा, हा मुंढा होय.

आता या शब्दाचे मूळ पाहावे. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘मूर्धा’ या शब्दाची ‘मुद्धा’ आणि ‘मुण्ढा’ अशी दोन रूपे दिली आहेत. मूर्धा म्हणजे मस्तक, पण त्याचबरोबर कोणत्याही वस्तूचा माथा, वरचे टोकसुद्धा. टाळूच्या माथ्यावर जीभ टेकवून उच्चारल्या जाणाऱ्या ट, ठ, ड, ढ, ण यांना आपण मूर्धन्य म्हणतो ते याच शब्दावरून, आणि ‘मुण्ढा’ या रूपात ण आणि ढ ही दोन मूर्धन्य व्यंजने एकमेकांना खेटून उभी आहेत, हे पाहून मला प्रत्येक वेळी आनंद होतो. हाताचा माथा म्हणजे खांदा आणि पायाचा माथा म्हणजे कमरेजवळचा खुबा, असे धरले की मुंढे बरोबर चार होतात. हाताच्या मुंढ्याचे नाव शिंप्याने जपले, पायाच्या मुंढ्याचे नाव मात्र या एका शब्दप्रयोगाखेरीज कुठे उरले नाही, असे मी मानतो.

मातीवरच्या जुन्या कुस्तीचा नियम या तर्काला भक्कम आधार देतो. तिथे दोन्ही खांदे आणि कंबर एकाच वेळी मातीला टेकली की मल्ल चीत. एक खांदा उचललेला असेल, किंवा मल्ल मानेचा पूल करून कंबर वर धरून असेल, तर वस्ताद बाहेरून ‘अजून हाय, अजून हाय’ म्हणून ओरडत असतो, आणि ते योग्यच असते. चारही मुंढे टेकले की नजर आपोआप आकाशाकडे लागते, म्हणून त्याच अवस्थेला ‘अस्मान दाखवणे’ हा दुसरा शब्दप्रयोग लाभला.

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप सबळ आहे, तो असा की ‘मुंढा’चे अनेकवचन ‘मुंढे’ होईल, ‘मुंड्या’ होणार नाही. उत्तर असे की हे अनेकवचन नसून सामान्यरूप आहे. मूळ प्रयोग ‘चारी मुंढ्यांनी चीत’ असा असावा आणि बोलताना विभक्तीचा प्रत्यय गळाला असावा. ‘याचि देही, याचि डोळा’ म्हणताना आपण ‘डोळ्याने’ असे कुठे म्हणतो? पुढे ‘मुंढ्या’ हे रूप ओळखीच्या ‘मुंड्या’सारखे ऐकू येऊ लागले, ढ चा ड झाला, आणि डोक्याचा अर्थ आत शिरला.

हिंदीत ‘चारों शाने चित’ आणि ‘चारों खाने चित’ अशी दोन रूपे आढळतात. ‘खाने’ हे मूळ मानून सोंगट्यांच्या पटावरील घरांकडे बोट दाखवणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही, कारण पटावरचे घर उताणे पडत नाही. ‘शाना’ हा फारसी शब्द आहे आणि त्याचा अर्थ खांदा. म्हणजे दोन भाषांनी दोन वेगळ्या शब्दांनी एकाच सांध्याचे नाव घेतले आहे, आणि खांदे दोनच असल्यामुळे उरलेले दोन हिंदीलाही कमरेतच शोधावे लागतात.

मॅटवर मात्र दोन्ही खांदे एकदम टेकले की पुरते, कमरेची अट नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅट आणि तिचे नियम दोन्ही नवे होते, आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले ते त्याच नियमांवर. तेव्हा मॅटवरच्या निकाली कुस्तीला ‘चीतपट’ खुशाल म्हणावे, पण ‘चारी मुंड्या चीत’ हे शब्द लाल मातीसाठी राखून ठेवावेत, कारण मॅटचा पंच चारांपैकी दोनच मुंढे पाहतो.