फॉर्म्युला वनचे संघ कशासाठी धावतात आणि त्यांच्यावर कसले दडपण असते?

आपण विचारले आहे की अजिंक्यपद शेवटी एकाच संघाला मिळते, तर मोटार शर्यतींतले बाकीचे संघ दरवर्षी कोट्यवधी डॉलर खर्चून का उतरतात आणि त्यांच्यावर नेमके कसले दडपण असते. मी फॉर्म्युला वनपुरतेच लिहितो, कारण बरीच वर्षे बारकाईने पाहत आलो आहे ती हीच मालिका.

माझ्या मते आधी पाहावे लागते ते संघाचा मालक कोण आहे हे. काही संघांचा शर्यत हाच धंदा असतो, तर काहींच्या मालकांसाठी ती मूळ धंद्यातली खर्चाची एक बाब असते. (एन्झो फेरारी यांचा हिशेब तर उलटाच होता, शर्यतींचा खर्च निघावा म्हणून ते रस्त्यावरच्या मोटारी विकत. १९५० पासूनच्या प्रत्येक हंगामात उतरलेला संघ फेरारी हा एकच आहे.) विल्यम्ससारखा संघ जन्माला आला तोच शर्यतीसाठी, त्यामुळे शर्यत सोडणे म्हणजे त्याच्यासाठी दुकान बंद करणे. मोठ्या मोटार कंपनीचे तसे नसते. तिला नाव हवे असते, आपल्या अभियंत्यांचा कस लागलेला हवा असतो. पण विक्री घसरली की संचालक मंडळ सर्वात आधी कात्री लावते ती इथेच. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने माघार जाहीर केली आणि पुढच्या वर्षभरात बीएमडब्ल्यू व टोयोटाही बाहेर पडल्या. टोयोटाला तर आठ हंगामांत एकही शर्यत जिंकता आली नव्हती.

होंडाची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. २००९ मध्ये नियम मोठ्या प्रमाणावर बदलणार होते, म्हणून या संघाने २००८ च्या कारवरचे काम लवकर थांबवून सगळी ताकद पुढच्या कारकडे वळवली होती. हा हंगाम वाया जाऊ देऊन पुढचा साधायचा, हा निर्णय प्रत्येक संघाला कधी ना कधी घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर कित्येक महिने रविवारमागून रविवार मागे राहिल्याचे पाहत बसावे लागते. ते सोसून झाल्यावर, फळ हाती येण्याच्या आधीच, मालकाने हात काढून घेतला. संघप्रमुख रॉस ब्रॉन यांनी संघ एका पौंडाला घेतला, शेकडो लोकांना कामावरून कमी करावे लागले, आणि जवळजवळ कोऱ्या पांढऱ्या रंगाच्या त्या कारने त्याच वर्षी चालकांचे आणि संघांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकली.

तळाच्या संघांचे दडपण वेगळे असते. बक्षिसाची रक्कम हंगामाअखेरच्या क्रमवारीवर बरीच अवलंबून असल्याने तिथे एकेका गुणाला किंमत असते. २०१४ च्या मोनॅको शर्यतीत मारुसियाचा ज्यूल बियांकी नववा आला आणि संघाला दोन गुण मिळाले. त्या संघाने मिळवलेले ते पहिलेच गुण. त्याच वर्षी जपानमधल्या अपघातात बियांकी जबर जखमी झाला (पुढच्या वर्षी त्याचे निधन झाले), आणि संघाचे दिवाळे निघून त्याला शेवटच्या शर्यतीही गाठता आल्या नाहीत. तरी त्या दोन गुणांमुळे संघ क्रमवारीत नववा राहिला, आणि त्या स्थानाच्या बक्षिसाच्या भरवशावर तो २०१५ मध्ये पुन्हा उभा राहू शकला.

पैशाच्या टंचाईवर उपाय म्हणून २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती १४.५ कोटी डॉलर होती आणि त्यात चालकांचे मानधन धरलेले नव्हते. त्याने दडपण कमी झाले असे मला वाटत नाही, त्याची जागा बदलली. ती मर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड झाला आणि त्यांच्या वायुगतिकी चाचण्यांतही (कारभोवती हवा कशी वाहते याच्या चाचण्यांत) कपात झाली. आता श्रीमंत संघालाही एक कार भिंतीवर आदळली की तो खर्च कुठल्या सुधारणेतून वळता करायचा, हे ठरवावे लागते.

पैशाहून कठोर असते ते वेळापत्रक. २०२४ मध्ये २४ शर्यती होत्या, आणि तारीख कोणासाठी पुढे ढकलली जात नाही. त्या वर्षी मेलबर्नला विल्यम्स संघ राखीव चासीशिवायच (कारच्या मुख्य सांगाड्याशिवाय) पोहोचला होता, कारण ती वेळेत बांधून झाली नव्हती. शुक्रवारच्या सरावात अलेक्स अल्बनची कार दुरुस्त होण्यापलीकडे मोडली, तेव्हा संघाने काहीही चूक नसलेल्या आपल्या दुसऱ्या चालकाची, लोगन सार्जंटची, कार काढून अल्बनला दिली. अल्बन अकरावा आला. गुण पहिल्या दहांनाच मिळतात. हा निर्णय क्रूर होता, पण तळाच्या संघाला गुणांची जास्त आशा ज्याच्याकडून, त्यालाच कार द्यावी लागते.

शर्यतीच्या दिवशी हेच दडपण सेकंदांत मोजले जाते. टायर बदलायला आता दोन-अडीच सेकंद पुरतात, पण २०१६ मध्ये मोनॅकोला आघाडीवर असलेला डॅनियल रिकार्डो पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या टायर बदलण्याच्या जागी) आला तेव्हा त्याचे टायर तयारच नव्हते, आणि हाताशी आलेली शर्यत प्रतिस्पर्धी लुइस हॅमिल्टनने नेली. दडपणाखाली माणसे कुठवर जातात तेही २००८ च्या सिंगापूर शर्यतीत दिसले होते. त्या हंगामात तोवर एकही विजय न मिळालेल्या रेनो संघाने आपल्या एका चालकाला कार मुद्दाम भिंतीवर घालायला लावली, जेणेकरून दुसऱ्याला आघाडी मिळावी. ती मिळालीही, पण वर्षभराने प्रकरण उघड झाले तेव्हा प्रमुख प्रायोजकाने संघाची साथ सोडली.

राहिला प्रश्न जिंकण्याची आशा नसलेल्यांचा. इटलीतल्या फाएन्झा गावचा मिनार्डी हा संघ १९८५ ते २००५ अशी एकवीस वर्षे धावला आणि कधीही पहिल्या तिघांत आला नाही. पण शर्यतीच्या रांगेत संघांसाठीच्या जागा मोजक्या असतात, आणि त्या गावात अशी कार बांधू शकणारी माणसे होती. म्हणून रेड बुलने तो संघ विकत घेऊन त्याचे नाव टोरो रोसो ठेवले. २००८ मध्ये मोंझाच्या पावसात सेबास्टियन फेटेलने त्या संघाला पहिला विजय मिळवून दिला, तेव्हा खुद्द रेड बुलच्या मुख्य संघाने एकही शर्यत जिंकलेली नव्हती.