भावार्थ आधी सांगू नका

ताई, तुमची नववीची मुलं धडा घडाघडा वाचतात, चौकटीही बरोबर भरतात, पण ‘असं का?’ विचारलं की माना खाली. बहुतेक वर्गांत हेच आहे, आणि माझ्या मते दोष आपल्या प्रश्नांचा आहे. फळ्यावर लिहा: ‘धमकूने गचोऱ्याला फुरकवले.’ मग विचारा, गचोऱ्याला कोणी फुरकवले? अख्खा वर्ग ‘धमकूने’ म्हणून ओरडेल. या शब्दांना काही अर्थच नाही! कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतल्या, बऱ्याच चौकटी अशाच भरता येतात, काहीही न समजता.

कवितेसाठी कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी आपल्या सरांना भेटायला येतो, ती. शब्द सोपे आहेत आणि कवीने बरंच काही न सांगता सोडलंय. चाल लावू नका, ही बोलल्यासारखी वाचायची कविता आहे. दोनदा वाचा, गाईडं दप्तरात ठेवायला लावा आणि भावार्थाचा एक शब्दही सांगू नका. नेमकं काय घडलंय, एवढंच विचारा. ‘पूर आला’ असं कोणीतरी म्हणतंच. त्याला म्हणा, ‘पूर’ शब्द दाखव. तो कवितेत नाहीच! मग शोधाशोध सुरू होते: पाहुणी आलेली गंगामाई, खचलेली भिंत, चिखलगाळ. एखाद्याला गंगा म्हणजे काशीची वाटते. नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात आणि कवी नाशिकचे, हे मात्र तुम्हीच सांगा. ते ओळींतून कळणार नाही.

पुढचा प्रश्न माझा फार आवडता. खिशाकडे हात जातो, तो कोणाचा? कवीने सांगितलेलं नाही. काही मुलं ‘त्या विद्यार्थ्याचा’ म्हणतात. वाद होऊ द्या. कोणीतरी ‘पैसे नकोत सर’वर बोट ठेवतं आणि सरांचा समज काय झाला होता, ते वर्गाला कळतं. नियम एकच: मत कुठलंही चालेल, पण ओळ दाखवायची. ‘मला आपलं वाटलं’ ऐकून घ्यायचं नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांनी २०१९चा महापूर पाहिलेला असतो किंवा घरात ऐकलेला असतो. चिखल उपसण्याची ओळ त्यांना समजवावी लागत नाही. पण ज्याच्या घरचं गेलंय त्याला वर्गापुढे बोलायला उभं करू नका.

कथेला वेगळी युक्ती. शेवटच्या पानाआधी थांबा आणि पुढे काय होईल ते दोन ओळींत लिहून घ्या, कशावरून वाटलं ते वाक्यही. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. शेवट कळल्यावर मुलं आपणहून मागे जाऊन लेखकाने कुठे खूण ठेवली होती ते शोधतात. नंतर तीच कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगायला लावा. त्या पात्राला जे माहीत नाही ते लिहायचं नाही. इथे खरी मेख आहे: समजा कथा सावत्र आई सांगतेय, तर अर्धा वर्ग तिच्या तोंडी मुलाच्या मनातलं गुपित घालतो आणि कोणी काय वाचलंय ते लगेच दिसतं.

ग्रामीण कथेतले संवाद मोठ्याने वाचून घ्या, कानाला बरेच शब्द उमगतात. शब्दार्थांनी फळा भरायचं कारण नाही.

कवितेला एक तास पुरणार नाही, दोन धरा. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मुख्याध्यापक विचारतीलच. तेव्हा त्यांना सांगा की परीक्षेत अपठित, म्हणजे पुस्तकात नसलेला, उतारा येतो आणि त्याचं गाईड बाजारात मिळत नाही.