रात्रभर फ्रिज, सकाळी बसलेली बॅटरी

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल गाडी आहे. पेंचला मुक्काम असला की डिकीतला १२ व्होल्टचा फ्रिज रात्रभर चालतो आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. बॅटरीवाला म्हणतो, बोनेटखाली दुसरी बॅटरी ठेवून प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून देतो. चालेल का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : नाही. अशा जोडणीत फ्रिज दोन्ही बॅटऱ्या सोबतच रिकाम्या करतो. गाडी बंद असताना त्या एकमेकींपासून तुटल्या पाहिजेत. जुन्या गाड्यांत हे काम आयसोलेटर रिले (व्होल्टेज पाहून आपोआप चालणारा स्विच) करतो, साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला तोडतो. पण नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनित्र, इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच १२.५ च्या आसपास उतरवतो. मग रिले सारखा लागतो-सुटतो आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. सिगारेट सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर खोचून अर्धा तास गाडी चालवा. आकडा १३.८ ते १४.४ वर टिकला तर रिले पुरे. १३ च्या खाली जात असेल तर २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घ्या, तो उतरलेलं व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी भरतो. त्याची सिग्नलची (चालू-बंद करणारी) तार चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजवरून द्या, नाहीतर उभ्या गाडीत तोच पहिली बॅटरी पिऊन टाकेल.

दुसरी बॅटरी ८० एएचची (अँपिअर-तासांची) एजीएम, म्हणजे आम्ल न सांडणारी बंद बॅटरी घ्या आणि डिकीतच ठेवा. नवतपात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लेड बॅटरीचं आयुष्य दर १० अंशांमागे जवळपास निम्मं होतं. ८० एएचमधले ४० च वापरायचे असं धरा. फ्रिजचा कॉम्प्रेसर ४ अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो, म्हणजे १२ तासांना २४ एएच. उन्हाळ्यात तो जास्त वेळ चालेल, तरी रात्र निघते.

बॅटरीचं वजन वीस-पंचवीस किलो असतं. नुसत्या पट्ट्यावर भागवू नका. ट्रे तळाला नटबोल्टने कसा. भोक पाडण्याआधी खाली वाकून पाहा, तिथेच डिझेलची टाकी किंवा ब्रेकची नळी असते.

प्रश्न : पुढच्या बॅटरीपासून डिकीतल्या चार्जरपर्यंत १० चौरस मिलिमीटरची तार लागते म्हणतात. एवढी जाड तार कशाला? घरच्या वायरिंगची अडीचची तार शिल्लक आहे.

उत्तर : २० अँपिअरचा चार्जर आत २५ अँपिअर ओढतो. जाण्या-येण्याची मिळून १० मीटर तार धरली तर अडीच चौरस मिलिमीटरमध्ये पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात आणि तार तापते ती वेगळीच. १० चौरस मिलिमीटरमध्ये हेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं.

४० अँपिअरचे दोन फ्यूज लावा, दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपासून वीतभर अंतरात. मधे कुठेही तार घासून बॉडीला टेकली तर करंट दोन्ही बाजूंनी येतो. एकच फ्यूज असेल तर दुसरी बाजू जळत राहते. काचेचे स्वस्त फ्यूज नकोत, त्यांचे होल्डर वितळतात. लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्पिंग मशीननेच दाबा. पक्कडीने दाबलेला सांधा सहा महिन्यांत सैल होतो. तार पत्र्यातून नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) घाला आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा.

मायनसची तार बॉडीला, रंग खरवडून. पहिल्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असेल तर तिथे काहीच जोडू नका, त्याचा हिशेब चुकतो. काम सुरू करताना मायनस आधी सोडा, शेवटी जोडा. झाल्यावर चार्जर पूर्ण जोरात असताना पहिल्या बॅटरीचा प्लस आणि चार्जरचा इनपुट प्लस यांच्यात मल्टिमीटर लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठला तरी लग सैल आहे.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी डिकीत ठेवली तर?

उत्तर : नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हादऱ्याने आम्ल सांडतं. एसयूव्हीची डिकी म्हणजे केबिनच. शिवाय ती खूप जड असते.