माल्टात फुटबॉल खेळायला निघालेल्या कोल्हापूरच्या भावाला

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. वय 23, पेठेतल्या तालमीच्या संघातून चार सीझन खेळलास, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा हातात आहे. आता एक एजंट म्हणतोय, साडेतीन लाख भर, माल्टाच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबात ट्रायल लावून देतो, महिन्याभरात करार होईल. वडील शेताचा तुकडा गहाण टाकायला तयार झालेत. आणि तू विचारतोयस, ‘दादा, येऊ का?’

ये. पण त्या एजंटाच्या हातानं येऊ नकोस, आणि रान गहाण टाकून तर अजिबात नको. मी 2019 पासून इथं आहे. हमरून नावाच्या गावात राहतो, एका हॉटेलात मेंटेनन्सचं काम बघतो, आणि शिफ्ट आडवी आली नाही तर शनिवार-रविवारची मॅच सोडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी देश किती आहे ते डोळ्यांसमोर आण. भूमध्य समुद्रातली इवलीशी बेटं, सगळी मिळून 316 चौरस किलोमीटर. आपल्या एका कोल्हापूर जिल्ह्यात असे चोवीस माल्टा मावतील. माणसं साडेपाच लाखांच्या वर, म्हणजे आपल्या शहराएवढी. एवढ्याशा जागेत वरच्या लीगमध्ये 12 संघ, त्याखाली चॅलेंज लीग, तिच्याखाली हौशी संघांची नॅशनल अमॅच्युअर लीग. शेजारच्या गोझो बेटाची तर स्वतःची वेगळीच लीग आहे. फुटबॉल असोसिएशन 1900 सालची, लीग 1909-10 पासून चालू. 2025 पर्यंत स्लीमा वाँडरर्स आणि फ्लोरियाना यांची प्रत्येकी 26 विजेतेपदं, राजधानी व्हॅलेटाच्या क्लबाची 25. आणि या क्लबांची गावं एकमेकांपासून किती लांब? व्हॅलेटाच्या वेशीतून बाहेर पडून पाच मिनिटं चाललास की फ्लोरियाना. आपल्या पेठा जशा एकमेकींना खेटून आहेत, तसंच.

त्यामुळे इथं क्लब म्हणजे गाव. तुला हे समजावून सांगायची गरज नाही, तू तालमीत वाढलायस. फ्लोरियानाचा रंग हिरवा-पांढरा का, माहीत आहे? 1905 साली इथं ब्रिटिश सैन्यातली डब्लिनची आयरिश पलटण होती. तिच्याशी मॅच झाली आणि दोन्ही संघांनी जर्सी बदलल्या. तेव्हापासून तो रंग यांच्या अंगावर आहे आणि त्यांच्या पाठीराख्यांना अजून ‘आयरिश’ म्हणतात. आमच्या क्लबाचं नाव हमरून स्पार्टन्स, रंग लाल-काळा. मी इथं खोली घेतली तेव्हा घरमालकिणीनं भाड्याच्या आधी मला विचारलं होतं, कुठल्या क्लबचा तू? मी म्हटलं, अजून कुणाचाच नाही. त्या म्हणाल्या, मग आजपासून स्पार्टन्सचा.

आता तुझ्या ट्रायलचं. नीट वाच आणि वडिलांनाही वाचून दाखव.

भारतीय पासपोर्टवर तुला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. त्यावर जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, काम करता येत नाही. क्लबाशी पगाराचा करार म्हणजे कामच, त्याला वर्क परमिट लागतं आणि ते क्लबानं अर्ज केल्याशिवाय निघत नाही. शिवाय तू आपल्याकडे नोंदणी झालेला खेळाडू असशील तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून (एआयएफएफ) आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट यावं लागतं, ते आल्याशिवाय इथं अधिकृत मॅचमध्ये पाय ठेवता येत नाही. एजंटानं यातलं काही सांगितलंय का? नसेल सांगितलं तर विचार. आणखी एक विचार, फिफाचं लायसन्स आहे का? लायसन्स असलेल्या एजंटांची यादी फिफाच्या साइटवर उघडी आहे, नाव टाकलं की दिसतं. लायसन्सवाला एजंट खेळाडूच्या कमाईतून टक्के घेतो. जिथं कमाईच नाही तिथं टक्के कशाचे? ‘ट्रायलची फी’ असं काही नसतं, भावा.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातला एक मुलगा अशा एजंटाकडून इथं आला होता. पायात खरंच कला होती त्याच्या. एका क्लबानं तीन आठवडे सरावाला येऊ दिलं, मग हात जोडून सांगितलं की परदेशी खेळाडूंच्या जागा भरल्यात. एजंटाचा फोन बंद. व्हिसाचे अकरा दिवस उरलेले. तो माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायचा आणि रात्री घरी फोन करून सांगायचा की सराव मस्त चाललाय. शेवटच्या दिवशी विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. त्याच्या आईनं लाडू दिले होते, तो डबा त्यानं न उघडता माझ्या हातात ठेवला. तुझा मेसेज वाचताना मला तो डबाच दिसत होता.

दर्जाचंही खरं सांगतो. बाहेरच्या देशांना माल्टाची लीग किरकोळ वाटते. 1983 मध्ये स्पेननं सेव्हिल्यात यांच्या राष्ट्रीय संघाला 12-1 हरवलं होतं, ते लोक अजून बोलून दाखवतात. पण इथल्याच मायकल मिफसूदनं 2007 मध्ये इंग्लंडच्या कव्हेंट्रीकडून खेळताना मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर दोन गोल मारून लीग कपातून बाहेर काढलं, हेही विसरू नकोस. आणि गेल्या काही वर्षांत वरचे क्लब फार पुढे गेलेत. आमचं हमरून ऑगस्ट 2025 मध्ये लाटव्हियातल्या रीगाच्या आरएफएस क्लबाला हरवून कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत गेलं. माल्टाचा कुठलाच क्लब तोवर युरोपातल्या स्पर्धेत तिथपर्यंत पोचला नव्हता. अशा संघात जागा मिळवायची म्हणजे ब्राझील, सर्बिया, नायजेरियातून लहानपणापासून अकादमीत घडलेल्या पोरांशी गाठ. आपला अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यानं ती वाट पोरवयातच अकादमीतून काढली होती. तुझं वय 23. वरच्या लीगची आशा धरून पैसे लावू नकोस, असंच मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं असतं.

मग ये म्हणालो ते कशासाठी? तुझा डिप्लोमा आहे म्हणून. हॉटेलांना इथं माणसं हवी असतात आणि त्यात आपली भारतीय मंडळी भरपूर आहेत. नोकरीचं पत्र आधी, परमिट नंतर, विमान सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नकोस. हॉटेल-पर्यटनातल्या बाहेरच्या कामगारांना आता स्किल्स पास नावाची परीक्षाही द्यावी लागते, तिची माहिती सरकारी साइटवरूनच घे. पगारातला मोठा घास भाडं खातं, सुरुवातीला खोली वाटून घ्यावी लागेल. बसचा मात्र खर्च नाही. इथलं ओळखपत्र असलेल्या रहिवाशाला स्वतःच्या नावाच्या तालिंजा कार्डावर 2022 पासून बस फुकट आहे.

नोकरी लागली की फुटबॉल आपोआप दारात येतो. हौशी संघ संध्याकाळी सराव करतात, पोरं दिवसभर कामं करून येतात. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी बँकेत, कुणी बंदरावर. खालच्या लीगमध्ये अजूनही बहुतेकांचं असंच आहे. फाइव्ह-अ-साइडची टर्फं तर गावोगाव. आपली बरीच मंडळी मार्सा नावाच्या गावात क्रिकेट खेळतात, तिथं ओळखी होतील, पण तू पहिल्या महिन्यात तुझ्या गावच्या क्लबाच्या बारमध्ये जा. जवळपास प्रत्येक क्लबाचा तसा अड्डा असतो. दारू प्यायलाच हवी असं काही नाही, मी किनी पितो. कडवट संत्र्याचं थंड पेय आहे, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी हवंहवंसं वाटतं. सोबत पास्तीत्सी घे. रिकोटा चीज किंवा वाटाणा भरलेली, खाऱ्या बिस्किटासारखी पापुद्र्यांची. खाताना शर्टभर चुरा होतो. गप्पा मारताना प्रत्येक वाक्यात ‘मेला’ ऐकू येईल. दचकू नकोस, त्याचा अर्थ ‘बरं, तर मग’.

माझी खरी ओळख इथं झाली ती अशाच एका संध्याकाळी. क्लबात कोपऱ्यात एक म्हातारा रोज एकटा बसलेला असायचा. मी विचारलं, तुम्ही खेळायचा का? त्यानं उत्तर न देता पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. गुडघ्याच्या कातडीखाली काळे-निळे ठिपके, पेन्सिलचं टोक मोडून आत राहावं तसे. ग्झीराची खडी, म्हणाला. राष्ट्रीय स्टेडियम ता-आलीला होण्याआधी सगळ्या मोठ्या मॅच ग्झीराच्या एम्पायर स्टेडियमवर व्हायच्या, 1922 पासून जवळजवळ साठ वर्षं. त्या मैदानावर गवताचं पान नव्हतं, नुसती माती आणि खडी. 1967 मध्ये त्याच खडीवर इथल्या हिबर्नियन्स क्लबानं मँचेस्टर युनायटेडला 0-0 रोखलं होतं. युरोपियन कपाची मॅच, आणि पुढच्या मे महिन्यात तोच कप युनायटेडनं जिंकला. हिबर्नियन्सचे प्रशिक्षक कोण, तर एक पाद्री, फादर हिलरी तालियाफेरो. म्हातारा तेव्हा पोरगा होता, भिंतीवर चढून मॅच बघितलेली. तो सांगत होता आणि बोटानं गुडघ्यावरचा एक-एक ठिपका दाबत होता, कुठला खडा कुठल्या मॅचचा ते आठवत. एम्पायर स्टेडियम अजून ग्झीरात पडीक उभं आहे. आलास की दाखवतो.

हमरूननं 1991 नंतर विजेतेपद मिळवलं ते थेट 2021 मध्ये. पण तेव्हा कोविडमुळे सीझन मध्येच थांबवून कागदावर निकाल दिला होता. तीस वर्षं वाट बघितलेल्या लोकांना धड गुलालही उधळता आला नाही, असं आपल्या भाषेत म्हणेन. मग 2023 मध्ये पुन्हा जिंकलो. त्या रात्री आमचा मुख्य रस्ता मोटारींच्या हॉर्ननं आणि लाल धुरानं भरून गेला होता, ट्रकांच्या हौद्यात पोरं, बाल्कनीतून चादरीएवढे झेंडे. तो म्हातारा क्लबाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. मला बघून त्यानं नुसता हात वर केला आणि नंतर कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही. 2024 आणि 2025 लाही आम्हीच जिंकलो.

एक गोष्ट तुला खटकेल, आधीच सांगतो. लीगची साधी मॅच बघायला काही शेच माणसं असतात. आपल्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरच्या फायनलची गर्दी मनात धरून आलास तर पहिल्या दिवशी मन खट्टू होईल. माझं झालं होतं. एकाच मैदानावर एकामागून एक दोन मॅच लागतात, पहिलीचे लोक निघतात, दुसरीचे येतात, मध्ये अर्धं स्टँड रिकामं. मला यातलं फार वाईट वाटतं ते हे, की इथली तरुण पोरं गावच्या मॅचला न जाता टीव्हीवर इटली नाहीतर इंग्लंडचा फुटबॉल बघतात. घराघरात हे दोन तट आहेत. पण दुसऱ्या मॅचपासून तू स्टँडकडे नीट बघ. आजोबा, मुलगा, नातू एका ओळीत बसलेले असतात आणि मैदानावरच्या लेफ्ट बॅकला घरच्या नावानं हाका मारतात. ऑगस्टमध्ये आलास तर फेस्ता, म्हणजे गावच्या संताचा उत्सवही बघायला मिळेल. हमरूनमध्ये बँडचे दोन क्लब आहेत, एक लाल, एक निळा. संत गायेतानोच्या सणाला सकाळी दोघांच्या मिरवणुका निघतात आणि गाव दोन रंगांत उभं फाटतं. फुटबॉलला मात्र सगळे एका बाजूला.

तुझ्या पुतण्याचंही विचारलंयस, तो 12 वर्षांचा, भाऊ-वहिनीही पुढे यायचं म्हणतायत. क्लबांच्या मुलांच्या शाखेला इथं नर्सरी म्हणतात, रोपवाटिका नव्हे, पण शब्द तोच. त्याला तिथं खेळता येईल. मात्र 18 खालच्या परदेशी मुलाची नोंदणी फिफाच्या नियमानं होते. आईवडील फुटबॉलसाठी नव्हे तर नोकरीसारख्या दुसऱ्या कारणानं इथं आले, हे कागदांनी दाखवावं लागतं. करार, परमिट, जन्मदाखला, सगळं भाषांतर करून बरोबर ठेवा. कुटुंब आणायला उत्पन्नाची अट असते, तेव्हा भावानं आधी एकट्यानं येऊन बस्तान बसवावं.

एजंटाला आज रात्रीच नाही म्हणून कळव. रजिस्टर पोस्टानं काही पाठवतो म्हणाला तर सही करून घेऊ नकोस. हॉटेलचे अर्ज कुठं करायचे ते मी उद्या शिफ्ट संपल्यावर फोनवर सांगतो, बायोडेटा तेवढा इंग्रजीत नीट करून ठेव, त्यात तालमीचं नाव आणि चार सीझन जरूर लिही. आणि बूट आणशील ते कृत्रिम गवताचे आण, बारक्या, आखूड स्टडचे. इथली बहुतेक मैदानं तशीच आहेत, लांब स्टडनं गुडघा जातो.