मुलीचं नाव रेणुका ठेवू का?

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझ्या लेकीचं बारसं आहे. सासूबाईंना सौंदत्तीच्या यल्लम्मावरून ‘रेणुका’ हवंय. मैत्रीण म्हणते, रेणुका म्हणजे धूळ, शिवाय पोटच्या पोरानंच तिचं डोकं उडवलं, असलं नाव कशाला? काय करू?
– एक आई, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : ठेवा बाई, खुशाल ठेवा.

‘रेणु’ म्हणजे धुळीचा कण, हे खरं. पण फुलातल्या परागालाही संस्कृतात रेणूच म्हणतात. राहिली गोष्ट, ती तुमच्या मैत्रिणीनं अर्ध्यावरच सोडली. महाभारतातल्या वनपर्वात जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुराम आईला मारतो. वडील खूश होऊन वर माग म्हणतात, तेव्हा तो आधी आईचा जीवच मागतो, आणि मारल्याची आठवणही तिला राहू नये म्हणतो. ती उठून बसते. माहूरला रेणुका म्हणून आणि सौंदत्तीला यल्लम्मा म्हणून लोक हिच्याच पायावर डोकं ठेवतात.

आपल्या भागात तर हे नाव घराघरांत आहे. जुन्या बायकांत यल्लव्वा, यल्लूबाई, रेणव्वा, बाप्यांत यल्लाप्पा, परशराम. थोरला परशराम आणि पाठची रेणुका अशी भावंडं मी कितीतरी घरांत पाहिली. मला या नावाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते असं, की शेजारची कन्नड आज्जी आणि तुमच्या सासूबाई, दोघी त्याच मायेनं ते घेतात. माघी पुनवेला भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या डोंगरावर ‘उदं गं आई उदं’ म्हणणाऱ्यांत दोन्हीकडची माणसं असतात.

कुणी देवीला पोरी सोडायच्या प्रथेवरून बोललं, तर स्पष्ट सांगा : ती प्रथा वाईटच होती, कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं तिच्यावर बंदी आणली. लेकीला आईचं नाव देणं वेगळं, लेक सोडणं वेगळं. यल्लव्वा नाव घेऊन शेतं कसलेल्या, पोरं शिकवलेल्या बायकांकडं बघा की!

सासूबाईंचं मन राखायचं तर पाळण्यात आत्यानं कानात ‘यल्लव्वा’ म्हणावं, चारचौघांत रेणुका. आणि एक काम विसरू नका. जन्मदाखला हातात आला की कन्नड अक्षरांत शेवटचा ‘का’ दीर्घ आहे ना, ते तिथंच बघा. ‘रेणुक’ पडलं, तर शाळेत नाव घालताना आणि आधार काढताना हेलपाटे तुम्हालाच.