'कारणीभूत' हा शब्द खोड

प्रिय,

प्रस्ताव वाचला. प्रस्तावनेतली 1993 ची कृमी, जिच्यात पहिला मायक्रोआरएनए सापडला, आणि त्या शोधाचं 2024 चं नोबेल दोन ओळींत आटप, समितीला ते ठाऊक आहे. जेमतेम 22 अक्षरांचे हे आरएनए प्रथिनं बनू न देता जनुकांना लगाम घालतात, एवढं पुरे. मला खटकलं ते शीर्षक: 'गर्भपाताला कारणीभूत मायक्रोआरएनए'.

गर्भाचे ठोके थांबले तरी बाईला ते कळायला कधी कधी आठवडे जातात. मग आशाताई, पीएचसी, सोनोग्राफीसाठी वर्धा. ऊतक तुझ्या हाती येईस्तोवर वारेच्या पेशी मरायला लागलेल्या असतात. मिआर-210 हा मायक्रोआरएनए तर प्राणवायू कमी पडला की वाढतोच. मग त्याने गर्भ पाडला, की गर्भ गेल्यामुळे तो वाढला? तुझ्या आराखड्यातून हे कळायचं नाही. तुलनेला पूर्ण दिवसांची वार घेतेस, तेही चालणार नाही. हे रेणू गर्भाच्या वयाप्रमाणे बदलतात. तुलना त्याच आठवड्याच्या ऊतकाशीच हवी. शिवाय पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याच्या आसपास गर्भपातांत गुणसूत्रांचाच बिघाड असतो. नमुने कमी घे, पण गुणसूत्रं आधी तपास.

ऊतक थंड सलाईनमध्ये धू. व्हिलाय, म्हणजे वारेचे बाळाकडचे तंतू, शेवाळासारखे मोकळे पसरतात, आईकडचं अस्तर चपटंच राहतं. ते चिमट्याने काढलं नाहीस तर आईचा आरएनए बाळाचा म्हणून मोजशील. रक्ताच्या नमुन्यातला प्लाझ्मा, म्हणजे पेशींवेगळा द्रव, गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्यात, तो नमुना बाद. त्या पेशींत मिआर-451 हा मायक्रोआरएनए ठासून भरलेला असतो. आपल्या भागात तर सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तो असलेल्या बाईच्या तांबड्या पेशी शरीरातच फुटत असतात. सिकलसेलची तपासणी प्रस्तावात कुठेच कशी नाही?

आता 19व्या गुणसूत्रावरच्या मायक्रोआरएनएंच्या समूहाबद्दल. सुमारे 46 जनुकांचा हा समूह फक्त प्राइमेटांत, म्हणजे माणूस-माकडांच्या कुळात आहे, त्यामुळे उंदरावरचे प्रयोग इथे फारसे कामाचे नाहीत. वारेत त्याची बापाकडून आलेली प्रतच चालते. पोट पडलं की गावात काय बोलतात ते तू ऐकलंच आहेस: निंदायला गेली, पपई खाल्ली, हिच्यातच खोट. अशा घरात 'बापाची प्रत' हे शब्द जपून वापर. उद्या कोणी 'दोष नवऱ्याचा' म्हणेल, आणि तेही तितकंच खोटं.

संमतीपत्र सासूसमोर वाचू नकोस. बाईला एकटीला बसव, चहा दे, आणि स्पष्ट सांग की या तपासणीतून तिला औषध मिळणार नाही, पुढच्या खेपेचा अंदाजही नाही. ती नाही म्हणाली तर कागद उचल आणि ये. सिकलसेलची तपासणी मात्र केलीस, तर तिचा निकाल तिला मिळालाच पाहिजे; तो तिच्या कामाचा आहे.

शीर्षकात 'गर्भपाताला कारणीभूत'च्या जागी 'गर्भपातानंतरच्या ऊतकातील' घाल. तुलनेचा गट नव्याने मांड आणि समितीच्या बैठकीआधी मला एकदा पाठव.